जोखमीची पोचपावती

४ एप्रिल २०२१, रविवार. त्या दिवशी मुंबईत ११ हजारांवर नवे करोना रुग्ण नोंदले गेले. तोवरचा हा सर्वांत मोठा आकडा. त्याच दिवशी राज्य सरकारने ‘ब्रेक द चेन’चा आदेश काढला. हॉटेलात बसून खाणं बंद, पार्सल आणि घरपोच सेवा चालू. घरपोच सेवा देणाऱ्या पोरांसाठी त्यात खास तरतूद होती : केंद्राच्या निकषांनुसार लवकरात लवकर लस घ्यावी, तोवर १५ दिवस चालणारा निगेटिव्ह आरटीपीसीआर अहवाल खिशात ठेवावा. १० एप्रिलनंतर तो नसेल तर त्या पोराला १ हजार रुपये दंड, आस्थापनेला १० हजार. आता केंद्राचे निकष त्या आठवड्यात काय होते? १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरच्यांना लस खुली झाली होती. पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन लालबाग-परळच्या पुलावरून जाणाऱ्यांत पंचेचाळिशी ओलांडलेले किती, हे त्या रस्त्यावर पाच मिनिटं उभं राहणारा कुणीही सांगेल. पंचविशीतल्या पोराला लस घ्या म्हणणारं सरकार आणि तुझं वय बसत नाही म्हणणारं सरकार एकाच वेळी त्याच्याशी बोलत होतं. १ मेपासून १८ वर्षांवरच्यांना परवानगी मिळाली, पण साठा अपुरा म्हणून १२ मेला महाराष्ट्राने या वयोगटाचं लसीकरण थांबवलं. मग उरली चाचणी. खासगी प्रयोगशाळेत तिचा दर सरकारने तेव्हा ५०० रुपयांवर आणला होता. पुढे अँटिजेन चाचणीचीही मुभा मिळाली. पण दर पंधरवड्याला हा खर्च कुणी करायचा, याबद्दल आदेशात अक्षर नव्हतं.

कुणा अधिकाऱ्याच्या घाईगडबडीतली चूक म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण साथीच्या दोन वर्षांतले आदेश शेजारी शेजारी ठेवले की त्यामागची रीत दिसू लागते. घरपोच सेवा ही साथ आवरण्याची एक सरकारी युक्ती होती आणि ती चालवण्याची सगळी जोखीम युक्ती चालवणाऱ्या पोरावर सोडलेली होती. मे २०२० मध्ये दारूची दुकानं उघडली, रांगा वाढल्या, आणि दोनच दिवसांत मुंबई महापालिकेने ती पुन्हा बंद केली. मग २२ मेला तोडगा निघाला : काउंटरवर विक्री नाही, घरपोच चालेल. रांग आटोक्यात आणायला पोलीस कमी पडले, ते काम डिलिव्हरी बॉयने केलं. त्याआधी १८ एप्रिलला सरकारने वर्तमानपत्रं दारोदार टाकण्यावर बंदी घातली होती. ती काही दिवसांत राज्यभर सैल झाली, पण मुंबईत सकाळचा पेपर दारात पडायला जूनचा पहिला आठवडा उजाडला. म्हणजे दारोदार फिरण्यात धोका आहे हे सरकारला ठाऊक होतं. मात्र दादरच्या एखाद्या इमारतीत सकाळी पेपर आणणं धोक्याचं आणि दुपारी त्याच जिन्याने बिर्याणी आणणं अत्यावश्यक, हा भेद कोणत्या विषाणूशास्त्रात बसतो ते सरकारच जाणे. एप्रिल २०२१च्या पुढच्या आदेशात तर एकापेक्षा जास्त कुटुंबं राहणाऱ्या इमारतींत डिलिव्हरीवाल्याला आत घेऊ नये, सामान इमारतीच्याच कर्मचाऱ्याने वर न्यावं, अशी अपेक्षा लिहून ठेवली होती. परळच्या टॉवरमध्ये वॉचमन असतो, लिफ्टमन असतो. गिरगावातल्या तीन मजली चाळीला तिचा स्वतःचा कर्मचारी कुठला? तिथे जिना चढायला तोच.

इथे एक रास्त शंका येते, आणि ती टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. दारात पार्सल ठेवून निघून जाणाऱ्याला खरोखर किती धोका होता? वस्तूंवरून विषाणू पसरण्याची भीती सुरुवातीला फार होती. भाज्या सोड्याच्या पाण्यात धुतल्या गेल्या, पिशव्या उन्हात वाळवल्या गेल्या. पुढे ती अवास्तव ठरली. अमेरिकेच्या सीडीसीने ५ एप्रिल २०२१च्या टिपणात पृष्ठभागाला स्पर्श झाल्याने लागण होण्याची शक्यता दर वेळी १० हजारांत एकाहून कमी असल्याचं म्हटलं. उघड्यावर, अर्ध्या मिनिटाच्या भेटीत लागण होण्याचा संभवही कमीच. पण हा हिशेब पार्सल घेणाऱ्याच्या बाजूचा झाला. तो एकदा दार उघडतो. पार्सल देणारा दिवसभरात अनेक दारांशी जातो, आणि त्याचा धोका दारापेक्षा दाराच्या अलीकडे जास्त असतो : कमला मिल किंवा फिनिक्सच्या मागच्या गल्लीत स्वयंपाकघराच्या तोंडाशी ऑर्डरची वाट बघत घोळक्यात उभं राहणं, खिडकी नसलेली सर्व्हिस लिफ्ट, केईएम-टाटाच्या परिसरात रुग्णाच्या नातेवाइकांना डबा देणं, आणि या सगळ्यानंतर घर. जुलै २०२०च्या सिरो-सर्वेक्षणाचे आकडे इथे बोलके आहेत. नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तीन वॉर्डांत ६,९३६ नमुने तपासले; त्यांतला एक माटुंगा-शीव-वडाळ्याचा एफ उत्तर, म्हणजे दादर-परळच्या शेजारचाच. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, बाहेरच्या वस्तीत १६ टक्के. घरी बसणं ज्यांना परवडलं त्यांचा आकडा १६ राहिला. सामायिक संडास आणि दहा बाय दहाच्या खोल्यांतून निघून या १६ टक्केवाल्यांच्या दारापर्यंत जो रोज जात होता, तो दोन्ही आकड्यांच्या मधल्या रस्त्यावर होता.

डिलिव्हरीवाल्यांचा वेगळा हिशेब आपल्याकडे मांडलेला नाही, आणि त्याचं फारसं आश्चर्यही वाटू नये. टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले याचीसुद्धा माहिती आपल्याकडे नाही, असं केंद्राच्या श्रम मंत्रालयाने सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सांगितलं. जिथे मोजणी झाली तिथलं चित्र पाहू. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने मे २०२० मध्ये व्यवसायानुसार करोनामृत्यूंचे आकडे दिले. कामाच्या वयाच्या सर्व पुरुषांत दर लाखामागे ९.९ मृत्यू, टॅक्सीचालकांत ३६.४, बसचालकांत २६.४, सुरक्षारक्षकांत ४५.७. हे आकडे जसेच्या तसे मुंबईला लावता येणार नाहीत, आणि यात व्यवसायाबरोबर गरिबीचा आणि वंशाचाही वाटा असू शकतो. तरी दिशा पुरेशी स्पष्ट आहे : लोकांत वावरणं हाच ज्यांचा धंदा, त्यांच्या वाट्याला मरण जास्त आलं.

आजाराच्या धोक्याइतकाच दुसरा भार मनावरचा होता, आणि तो बहुतांशी माणसांनी घडवलेला होता. ऑर्डर देणाऱ्याच्या मोबाइलवर स्वयंपाक्याचं आणि रायडरचं त्या दिवशीचं तापमान दिसू लागलं. कंपन्यांनी आरोग्य सेतू ॲप रायडरला सक्तीचं केलं. ग्राहकाच्या घरात कुणी तापाने फणफणलंय का, हे मात्र रायडरच्या मोबाइलवर कधी दिसलं नाही. दुसऱ्या लाटेत तर घरात करोना रुग्ण आहे म्हणून ऑर्डर लवकर आणा, अशी सोय एका कंपनीने ॲपमध्ये दिली. रुग्णाच्या घरी अन्न जाणं गरजेचंच होतं, याबद्दल वाद नाही. पण त्या दाराशी जाणाऱ्याला संरक्षणाचा कोणता वेगळा हक्क मिळाला? एप्रिल २०२० मध्ये दिल्लीच्या मालवीय नगर भागात एक पिझ्झा डिलिव्हरीवाला बाधित निघाला तेव्हा ७२ कुटुंबांना विलगीकरणात ठेवलं गेलं आणि ती बातमी देशभर गाजली. ग्राहकाकडून रायडरला लागण झाल्याची बातमी तशी गाजलेली आठवते का? संशयाचा प्रवाह एकाच दिशेने वाहत होता. त्याच महिन्यात काशीमिऱ्यात सामान घेऊन आलेला पोरगा मुसलमान आहे म्हणून एका ग्राहकाने ते घेण्यास नकार दिला. पोलिसांनी ग्राहकाला अटक केली ही समाधानाची बाब, पण दारात उभ्या राहिलेल्याला काय ऐकावं लागत होतं त्याची ही फक्त पोलिसांपर्यंत पोचलेली बाजू. त्यात हॉटेलं बंद, म्हणजे लघवीला जायलाही जागा नाही. रेटिंग घसरलं तर इन्सेंटिव्ह जातो, तक्रार आली तर आयडी बंद होतो, आणि आयडी बंद झाला तर भांडायला समोर माणूस नसतो, फक्त चॅटची खिडकी असते.

बाजारावर श्रद्धा असणारे इथे म्हणतील की काम धोक्याचं झालं की त्याची मजुरी आपोआप वाढते. तेव्हा धोक्याची भरपाई करायला सरकारची गरज नाही. हे म्हणणं या शहरात एकदा खरं ठरलेलं आहे आणि म्हणूनच ते तपासून बघण्यासारखं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उघडकीला आला. १८९७च्या सुरुवातीच्या महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. साडेआठ लाखांच्या शहरातले जवळपास निम्मे, असा अंदाज त्या काळी केला गेला. गिरण्या चालवायला हात मिळेनात. तेव्हा एरवी महिन्याचा पगार महिनाभर अडकवून ठेवणारे गिरणीमालक रोजच्या रोज पैसे मोजू लागले, नाक्यानाक्यावर मजुरांसाठी चढ्या बोली लागल्या, एका गिरणीची माणसं दुसरी गिरणी पळवू लागली. शहराची घाण उपसणारे हलालखोर निघून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, या धास्तीने महापालिका आयुक्त स्नो यांची झोप उडाली होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, तेच आजचं कस्तुरबा, जिथे सव्वाशे वर्षांनी मुंबईतले पहिले करोना रुग्ण दाखल झाले. त्या हल्ल्याचं समर्थन करायचं कारण नाही, पण मजुराच्या मनात काय आहे याची दखल सरकारला घ्यावी लागत होती. मजुराकडे तेव्हा एक ताकद होती : तो कोकणात, घाटावर आपल्या गावी जाऊ शकत होता आणि त्याची जागा घ्यायला दुसरं कुणी येत नव्हतं.

२०२० मध्ये नेमकं उलट घडलं. गावी जाणाऱ्या गाड्याच बंद. हॉटेलं, दुकानं, कॉल सेंटर, जिम, लग्नाचे हॉल, ओला-उबरच्या गाड्या, सगळीकडून सुटलेले हात ज्या एका कामाकडे वळू शकत होते ते म्हणजे मोटरसायकल आणि मोबाइल. काम धोक्याचं झालं, पण ते करायला तयार असलेल्यांची रांग त्याहून लांब झाली. परिणाम काय झाला? दर वाढण्याऐवजी घसरले. ऑगस्ट-सप्टेंबर २०२० मध्ये चेन्नईत आणि हैदराबादेत एका ऑर्डरमागचा किमान दर ३५ रुपयांवरून १५वर आणला म्हणत रायडरांनी संप केले. पुढच्याच वर्षी, २३ जुलै २०२१ला, खाद्यपदार्थ पोचवणारी झोमॅटो शेअर बाजारात आली. ७६ रुपयांना दिलेला शेअर पहिल्या दिवशीच ११५च्या वर उघडला आणि कंपनीचं मोल काही तासांत एक लाख कोटींच्या घरात गेलं. साथीत घरपोच सेवेची किंमत वाढली हे खरंच आहे. ती बाजाराने मोजली, ती मिळाली मात्र दुसऱ्याच खिशात. म्हणून ‘कुणी जबरदस्ती केली होती का?’ हा प्रश्न पोकळ ठरतो. प्लेगच्या गिरणी कामगाराला नकाराचा पर्याय होता म्हणून त्याच्या होकाराला किंमत आली. टाळेबंदीत भाडं आणि बाइकचा हप्ता थकलेल्या पोराच्या होकाराला संमती म्हणायचं तर शब्दांचे अर्थ बदलावे लागतील.

कायद्याने काय दिलं, तेही पाहू. महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये १८९७चा साथरोग कायदा लागू केला, तोच, जो प्लेगच्या मुंबईसाठी घाईघाईने लिहिला गेला होता. मोजक्या कलमांचा हा कायदा सरकारला अमर्याद अधिकार देतो आणि अधिकाऱ्याला संरक्षण देतो. साथीत राबणाऱ्याला काही देण्याची कल्पनाच त्यात नाही. एप्रिल २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली, आरोग्य कर्मचाऱ्यावर हात उगारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा ठरली. योग्यच झालं. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्राने ५० लाखांचा विमा काढला, राज्याने करोनाच्या कामावरच्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तेवढीच रक्कम जाहीर केली. लसीच्या पहिल्या रांगेत डॉक्टर-नर्स, दुसऱ्या रांगेत पोलीस, सफाई कामगार, महसूल कर्मचारी. ‘अत्यावश्यक’ या शिक्क्याचे दोन भाग होते : घराबाहेर पडायची मुभा आणि बाहेर पडल्याबद्दलचं संरक्षण. डिलिव्हरीवाल्याला पहिला भाग मिळाला.

हा फरक सर्वांत उघडा पडतो तो कर्मचारी राज्य विमा योजनेत. करोनाने मृत्यू झालेल्या विमाधारकाच्या कुटुंबाला त्याच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम दरमहा द्यायची, अशी योजना ईएसआय महामंडळाने आणली आणि २४ मार्च २०२० पासून लागू केली. आता लोअर परळच्या एखाद्या हॉटेलात २१ हजारांच्या आत पगार असलेला आचारी धरा आणि त्याने शिजवलेला डबा लालबागला नेणारा पोरगा धरा. दोघांना एकाच आठवड्यात लागण होऊन दोघे गेले, तर आचाऱ्याच्या बायकोला पेन्शनचा हक्क. पोराच्या आईला नाही, कारण कंपनीच्या कागदावर तो कामगार नसून ‘पार्टनर’. ईएसआयची वर्गणी आहे तरी किती? मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के. केईएमपासून हाकेच्या अंतरावर परळला ईएसआयचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय उभं आहे. गिरणगावाच्या कित्येक पिढ्या या वर्गणीच्या हक्काने अशा दवाखान्यांच्या पायऱ्या चढल्या. गिरणीत बदली म्हणून उभ्या राहणाऱ्या कामगाराचाही रोज ठरलेला नसे; त्यालाही मालक ‘हा आमचा कायमचा माणूस नव्हे’ म्हणत असत. कारखान्यातल्या तात्पुरत्या माणसालासुद्धा विम्याखाली आणायला १९४८चा कायदा कचरला नाही. त्याच गिरण्यांच्या जागेवर आज जे टॉवर आहेत, त्यांच्या फाटकाशी उभा असलेला माणूस त्या कायद्याच्या बाहेरच राहिला.

डबेवाल्यांचं उदाहरण अनेकदा पुढे केलं जातं : तेही कुणाचे नोकर नाहीत, स्वतःच्या धंद्याचे मालक आहेत, मग रायडरने तक्रार का करावी? तुलना करू या. २० मार्च २०२०ला डबेवाल्यांनी आपली सेवा थांबवली. निर्णय त्यांच्या संघटनेचा होता. त्यांची कमाई बंद पडली, बरेच जण मावळ-मुळशी-खेडला गेले, ऑक्टोबरपर्यंत लोकलमध्ये चढायची परवानगी नव्हती. हाल भरपूर झाले आणि मदतही तुटपुंजी मिळाली. पण धोका पत्करायचा की नाही, हे त्यांनी एकत्र बसून ठरवलं. गिऱ्हाईक त्यांचं, दर त्यांचा, टोळीतला वाटा त्यांचा. मालक याला म्हणतात. रायडर दर ठरवत नाही, गिऱ्हाईक निवडत नाही, ऑर्डर नाकारली तर ॲप त्याची नोंद ठेवतं. वाशीच्या बाजारातलं उदाहरणही घ्या. बाधितांची संख्या वाढली तेव्हा ११ ते १७ मे २०२० असा आठवडाभर एपीएमसी बाजार बंद ठेवला गेला, तपासण्या झाल्या. बाजाराला फाटक होतं, ते बंद करता आलं, आणि आत माथाडी हमालांची संघटना होती जिच्याशी बोलावं लागत होतं. ॲपला फाटक नाही. एक-एकटा माणूस आपापल्या मोबाइलशी बांधलेला.

कंपन्यांनी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. मास्क-सॅनिटायझर दिले, बाधितांना काही दिवसांची मदत जाहीर केली, २०२१ मध्ये लसीकरणाचा खर्च उचलला. लोकांनीही टिप दिली, चहा-पाणी ठेवलं, सोसायट्यांनी टेबल मांडलं. पण रायडरांसाठीच्या मदतनिधीत ग्राहकांना वर्गणी घालायला सांगितली गेली, याकडे दुर्लक्ष करून कसं चालेल? आपल्या धंद्यातली जोखीम आपल्या हिशेबात धरण्याऐवजी ती दानपेटीकडे वळवण्याचा हा प्रकार. आणि दानाला एक मोठी अडचण आहे, ती नीतीची नसून साथीच्या गणिताची आहे. सकाळी अंगात कणकण असलेल्या पोराने लॉग-इन करू नये, अशी आपली सगळ्यांची इच्छा असते. पण आज घरी बसलो तर आजचे पैसे गेले आणि आठवड्याचा इन्सेंटिव्हही गेला, हे त्याला माहीत असतं. मदत असली तरी ती मिळायला आधी पॉझिटिव्ह रिपोर्ट दाखवावा लागणार. नुसत्या तापाला कोण पैसे देतो? भरपगारी आजारपण हा म्हणूनच रायडरवरचा उपकार नव्हे, त्यात दार उघडणाऱ्याचाही बचाव आहे. एका लाटेत कुणी किती दिवस घरी राहू शकतो यावर ती लाट किती उंच जाणार हे ठरतं.

उपाय परदेशातून आणायची गरज नाही, जरी न्यूयॉर्कसारख्या शहराने साथीच्या काळात संघटित झालेल्या डिलिव्हरी कामगारांच्या रेट्यामुळे २०२१ मध्ये हॉटेलातला संडास वापरायचा हक्क आणि किमान मोबदल्याचा कायदा केला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपला उपाय मशीद बंदरच्या दाणाबाजारात, पन्नास वर्षांहून आधी, पाठीवर पोती वाहणाऱ्यांनी शोधलेला आहे. आज या व्यापाऱ्याचा माल, उद्या त्याचा. मालक कोण हे ठरवताच येत नाही, म्हणून कामगार कायद्यांचा उपयोग नाही. अण्णासाहेब पाटलांनी या हमालांना संघटित केलं आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्याची युक्ती साधी आहे. मालक कोण या वादात तो शिरतच नाही. जो काम करून घेतो त्याने मजुरी मंडळाकडे भरायची, वर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही भरायची. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, दवाखाना. दहा व्यापाऱ्यांकडे काम केलं तरी मंडळाचं खातं एकच. दोन-तीन ॲपवर एकाच वेळी लॉग-इन असणाऱ्या पोरासाठी याहून नेमकी रचना कोणती?

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. माथाडी मंडळांत बोगस माथाडी शिरले, काम न करता पैसे मागणाऱ्या टोळ्या झाल्या, उद्योजकांनी तक्रारी केल्या, सरकारला त्याविरुद्ध कायदा आणायची भाषा करावी लागली. हे सगळं झालं. पण बोगसगिरीला वाव मिळाला तो किती पोती कुणी उचलली याचा पुरावा कागदावर, मुकादमाच्या शब्दावर होता म्हणून. इथे प्रत्येक ऑर्डर कुणी, कुठून, किती वाजता उचलली आणि किती मिनिटांत पोचवली, याची नोंद कंपनीच्याच संगणकात सेकंदासकट असते. जी नोंद रायडरचा उशीर पकडायला पुरते, ती त्याची लेव्ही मोजायलाही पुरेल. दुसरा आक्षेप महागाईचा : लेव्ही लावली तर ऑर्डर कमी होतील, पोरांचंच काम जाईल. २०२३ मध्ये या कंपन्यांनी प्रत्येक ऑर्डरवर २ रुपये ‘प्लॅटफॉर्म फी’ सुरू केली. २०२५ पर्यंत ती १०च्या पुढे गेली. मुंबईकराने वडापाव मागवणं सोडलं नाही. म्हणजे ऑर्डरमागे काही रुपये जास्त देण्याची ग्राहकाची तयारी सिद्ध झालेलीच आहे. ते पैसे कुठे जावेत एवढाच प्रश्न उरतो.

सामाजिक सुरक्षा संहिता संसदेने सप्टेंबर २०२० मध्ये, साथीच्या ऐन भरात मंजूर केली. ‘गिग’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ कामगार पहिल्यांदा कायद्याच्या पुस्तकात आले. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के, पण रायडरांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नाही, एवढी वर्गणी द्यावी असं ठरलं. ती अमलात यायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडला. म्हणजे साथ आली, तीन लाटा ओसरल्या, आणि जिच्यासाठी निकड होती ती तरतूद पाच वर्षांनी जागी झाली. मधल्या काळात, सप्टेंबर २०२१ मध्ये, ॲपवर काम करणाऱ्यांचा महासंघ सामाजिक सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयात गेला होता. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये आपापले कायदे केले. कर्नाटकात प्रत्येक व्यवहारावर एक ते पाच टक्के कल्याण शुल्काची तरतूद आहे. माथाडी कायद्याचं राज्य मात्र या रांगेत मागे राहिलं. संहितेतली वर्गणी चांगलीच, पण तीत विमा आणि म्हातारपणाचा विचार आहे. ताप आलेल्या दिवसाची मजुरी कोण देणार, याचं उत्तर तीत स्पष्ट नाही. साथीत नेमकं तेच लागतं.

आणि शतकातून एकदा येणाऱ्या साथीसाठी एवढा खटाटोप कशाला, असं म्हणणाऱ्यांनी दादर-परळजवळचा हिंदमाता चौक आठवावा. दर पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी साचतं, महापालिका लेप्टोस्पायरोसिसचा इशारा देते, साचलेल्या पाण्यातून चालल्यास डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या घ्या म्हणते. ५ ऑगस्ट २०२०ला, साथ चालू असतानाच, कुलाब्यात २४ तासांत ३३० मिलिमीटरवर पाऊस झाला, वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेला आणि गिरगाव चौपाटीच्या आसपासचे रस्ते पाण्याखाली गेले. पाऊस वाढला की ऑर्डरी वाढतात, कारण बाहेर पडावंसं कुणालाच वाटत नाही. साथ हा या नियमाचा सर्वांत मोठा नमुना होता, एकमेव नव्हे. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे प्लेगच्याच साथीत, फेब्रुवारी १८९७ मध्ये गेले. ॲपला रविवार नाही, उलट त्या दिवशी इन्सेंटिव्ह जास्त असतो.

म्हणून मागणी मोजकी आहे. महाराष्ट्राने माथाडी मंडळाच्या धर्तीवर घरपोच सेवेचं मंडळ स्थापावं. प्रत्येक ऑर्डरवर लेव्ही घ्यावी आणि तिचा आकडा बिलावर वेगळा छापावा. आजारपणाच्या आणि विलगीकरणाच्या दिवसांची ठरलेली मजुरी त्यातून द्यावी. साथ जाहीर झाली की लस आणि चाचणी या लोकांना आघाडीच्या कर्मचाऱ्यांच्या रांगेत, सरकारी खर्चाने मिळावी. १९६९च्या कायद्यातल्या कामांच्या यादीत चढवणं, उतरवणं, रचणं याबरोबर वाहून नेणंही आहेच. शिवडी, वरळी, माहीम आणि मलबार हिल या मतदारसंघांतल्या वाचकांनी आपल्या आमदाराला येत्या हिवाळी अधिवेशनाआधी एक पत्र लिहून विचारावं, की हा प्रश्न तुम्ही सभागृहात मांडणार आहात का, आणि त्याचं उत्तर लेखी मागावं.